भुरीबाईचा खड्डा

मी धनजच्या शाळेत शिकवत होते तेव्हा भुरीबाई मागच्या तांड्यात राहायची. तिला ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बिचारी कसली? नवऱ्याचा जीव वाचवायला कंबर कसलेली बाई होती ती. लखीराम, तिचा नवरा, दर हिवाळ्यात कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला जायचा आणि छातीत रुई भरून खोकत परतायचा. तिनं ठरवलं, यंदा जिन नाही. घरची कोकरं पोसायची, अंगानं भरली की बाजारात न्यायची, त्यावर वर्ष काढायचं.

पण १९५५ साली ज्वारी कणसावर आलीच नाही. खुरटी, हिरवीच राहिली. तशी ज्वारी जनावराला बाधते, तडफडून मरतं. वाळवावी तर परतीचा पाऊस. भुरीबाईनं वाशीमकडच्या एका मळ्यात मजुरी करताना मुरघास पाहिला होता. हिरवा चारा कापून खड्ड्यात तुडवायचा, गुळाचं पाणी शिंपडायचं, वरून मातीनं लिंपायचं. आत हवा गेली नाही, तर दीड-दोन महिन्यांत आंबूस, पिवळसर चारा तयार, आणि बाधाही उतरलेली. तिनं तेच केलं.

आता बघा. बंजाऱ्यांचा तांडा, दारूबंदीचे दिवस, दुकानातून नेलेली गुळाची भेली, लिंपलेला खड्डा आणि वर आंबट वास! कोणीतरी चुगली केली, भुरीबाई दारू गाळते म्हणून. पोलीस जमादार आला.

‘मडकी कुठी गाडली, भुरे?’

‘कोकरायचं जेवन हाय ते, जमादार. उघडसान तं सडून जाईन.’

‘मंग गूळ काहून नेला?’

‘कोकरायले गोड लागते. तुमाले नाही लागत काय?’

लोक हसले. तेच महागात पडलं. मी म्हटलं, ‘अहो, चारा आहे तो!’ तर म्हणतो, ‘बाई, तुमी पोरं शिकवा.’ शिपायांनी कमरेइतकं खणलं, कांबीनं भोसकलं. मडकं निघालं नाही. वरची माती लोटायचीही तसदी न घेता गेले.

भुरीबाईनं त्याच घटकेला पुन्हा तुडवलं, लिंपलं. पण हवा शिरायची ती शिरलीच. दिवाळीनंतर खड्डा उघडला तर वरचा अर्धा काळा, बुरशी लागलेला.

‘थोडा थोडा टाकून पाहू न,’ लखीराम म्हणाला.

‘इख टाकू काय त्याईले?’ तिनं तो सगळा उकिरड्यावर नेला. तळचा चांगला निघाला. कोकरं त्यावर तुटून पडली, पण तो निम्म्या हंगामालाही पुरणार नव्हता. पुढं कडबा विकत घ्यावा लागणार.

‘जातो मी जिनात. एका हंगामाचंच हाय,’ लखीराम म्हणाला.

‘जासान, अन् वापस कोन येईन? तुमी कोकरं पाहा. मी जाते.’

‘तू?’

‘माही छाती अजून कोरी हाय.’

कारंज्याच्या मोटारीत मी तिला चढताना पाहिलं. पदर नाकावरून घट्ट बांधला होता. जिन अजून कितीतरी लांब होतं.