चौथ्या फेरीनंतरच्या दोन मात्रा

मंगळवार, ११ ऑगस्ट १९८७. त्या तारखेला मंगळवार होता, हे कोणतीही जुनी दिनदर्शिका उघडून पडताळता येते. पुढच्या मजकुराला एवढा पक्का आधार नाही. त्याची भिस्त दोन माणसांच्या आठवणींवर आणि चार कॅसेटींवर आहे, आणि ती दोन माणसे एका मुद्द्यावर एकमेकांचे म्हणणे साफ खोडून काढतात.

त्या मंगळवारी दुपारी एका मोठ्या हॉटेलच्या भोजनगृहात, टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांच्या मधोमध, तिथल्या जाझ वाद्यवृंदासाठी गिटारवाला निवडायचा होता. उमेदवारांत घड्याळे दुरुस्त करणारा एक तिशीचा गृहस्थ होता. बाजारातल्या एका जिन्याखाली त्याचे दुकान होते. दुकान कसले, खुर्ची आत ढकलल्याशिवाय दार लागायचे नाही. हॉटेलची नोकरी कायमची होती. ती मिळाली तर दुकानाला कुलूप, असे तो बायकोला सांगून आला होता.

परीक्षा सोपी होती. या संगीतात बारा घरांची एक फेरी असते. प्रत्येक घरात चार मात्रा, आणि बारावे घर संपले की लगेच पुन्हा पहिले. अशा सहा फेऱ्या प्रत्येकाने वाद्यवृंदाबरोबर वाजवायच्या. घड्याळवाल्याच्या पहिल्या तीन फेऱ्या नेटक्या झाल्या. चौथीत तो इतका रंगला की चमचे पुसणारा वेटर हातातला फडका तसाच धरून उभा राहिला. चौथी संपली. वाद्यवृंद पाचवीत शिरला आणि घड्याळवाला दोन मात्रा थांबला. तिथून पुढे तो मागेच राहिला. गाठायला गेला तर पुढे गेला, सावरायला गेला तर पुन्हा मागे. पियानोवाल्याने पट्ट्यांवरून हात उचलले.

"घड्याळवाले, तुमचंच घड्याळ मागे पडलं की हो!"

सगळे हसले. घड्याळवाल्याला मात्र खात्री होती की घाई त्या लोकांनीच केली. घरी येऊन त्याने सरावाची कॅसेट लावली आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच, गिटार बाजूला ठेवून, बोटांवर मात्रा मोजल्या. बारा घरांच्या अठ्ठेचाळीस मात्रा व्हायला हव्यात. कॅसेटवरची चौथी फेरी पन्नास मात्रांची भरली.

ही कॅसेट शहरातल्या गिटार शिकणाऱ्यांमध्ये 'वहिनींची टेप' म्हणून ओळखली जाई. त्या काळात जाझ शिकू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही नसे. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून काढलेला, बोटांच्या जागा पुसट झालेला स्वरसंघांचा एक तक्ता. अंगठ्याने हलकेच दाबून सावकाश फिरवायची एखादी तबकडी. चावीवर टिकटिक करणारा तालमापक. यांतले काहीच साथ देत नसे. वहिनींच्या टेपवर खर्जातल्या तारांचा बास होता, ड्रम होता आणि गिटार जाणूनबुजून वगळलेली होती. सुरुवातीला वहिनींचा आवाज येई: "पहिली फेरी नुसती ऐका. दुसरीत फक्त आधार द्या. तिसरीत थोडं बोला. चौथीत मोकळं व्हा. पाचवीपासून मी काही सांगणार नाही."

बास स्वतः वहिनी वाजवत. ड्रमवर त्यांचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणत. दादांचा धंदा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचा होता. दुरुस्तीसाठी कोणीतरी आणून टाकलेला आणि पुन्हा न नेलेला एक माणसाएवढा उभा बास त्यांच्या पुढच्या खोलीत पडून होता. दादा बुटके, वहिनी चांगल्या उंच. दादांचा ठरलेला विनोद असा की बास टेकवायला घरात भिंत उरली नव्हती म्हणून लग्न केले. वहिनी सकाळी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासत आणि दुपारी बास वाजवत. तो त्यांना कोणी शिकवला याविषयी मला विश्वासार्ह माहिती मिळालेली नाही. दादांची धाकटी बहीण, म्हणजे वहिनींची नणंद, "कोणी नाही, आपलीआपणच शिकली" असे सांगते. घरातल्या माणसांचे असे सांगणे मी जपूनच घेतो.

चूक इतकी वर्षे लपली कशी, हा प्रश्न घड्याळवाल्याइतकाच मलाही पडला होता. उत्तर साधे आहे. लग्नसमारंभात किंवा क्लबात गिटारवाल्याच्या वाट्याला दोन फेऱ्या आल्या तरी पुष्कळ. चौथ्या फेरीपर्यंत त्याला कोणी वाजवू देत नसे. आणि गिटारवाले घरी एकमेकांबरोबर वाजवत तेव्हा सगळ्यांचा सराव एकाच टेपवरचा. चौथीनंतर सगळेच थांबत, त्यामुळे कोणीच थांबले असे वाटत नसे. शिकवण्या घेणाऱ्या एका मास्तरांनी तर या थांबण्याला तत्त्वज्ञान जोडले होते. "हा जाझचा श्वास आहे," ते शिष्यांना सांगत, "पुस्तकात सापडायचा नाही." हे शेवटचे वाक्य मात्र अक्षरशः खरे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळवाला वहिनींच्या दारात उभा राहिला. दादांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पुढच्या खोलीत आता दुरुस्तीचे सामान नव्हते. टेबलावर कॅसेटच्या नकला काढणारी दोन यंत्रे शेजारी शेजारी फिरत होती. यापुढचे संभाषण घड्याळवाल्याच्या तोंडून आलेले आहे. आज तो सत्तरीचा आहे, आणि स्वतःच्या बाजूची वाक्ये त्याने थोडी घासूनपुसून दिली असावीत. वहिनींची वाक्ये तशी वाटत नाहीत.

"वहिनी, तुमची टेप खोटी आहे."

"आधी आत या. दारात उभं राहून टेप खोटी ठरत नसते."

"चौथीच्या शेवटी दोन मात्रा जादा आहेत."

"आहेत ना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, चुकले मीच, मग मला माहीत नसणार?"

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"मला वाटायचं, तुम्ही लोक ऐकता. ऐकणाऱ्याच्या लक्षात येईलच."

"ऐकलं म्हणून तर थांबलो! सगळ्यांसमोर थांबलो. तो पियानोवाला खिदळला माझ्यावर. नोकरी गेली वहिनी, कायमची होती."

वहिनींनी दोन्ही यंत्रे बंद केली. नोकरीचे त्यांना ठाऊक नव्हते. मग त्यांनी सांगितले ते असे: ही फेरी ध्वनिमुद्रित करत असताना आतल्या खोलीत पाळण्यातले मूल हलले. वहिनींचे कान तिकडे गेले आणि हात एका स्वरावर अडकून राहिला. दादांनी वाजवणे थांबवले नाही. ड्रमवर तारांच्या ब्रशचे दोन हलके फटके मारत ते त्यांच्यासाठी थांबले, त्या परत आल्यावर दोघे मिळून पाचवीत शिरले. पुन्हा मुद्रण करू या असे वहिनी म्हणाल्या, तर दादा म्हणाले, राहू दे, ज्याला कळेल तो हसेल. दोघे एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, एकदम वाजवलेले. त्यामुळे बास नवा आणि ड्रम जुना असे करणे शक्य नव्हते. नवी टेप म्हणजे दुसरा ड्रमवाला.

"आणि दादांचं वाजवलेलं याशिवाय दुसरं काही नाही?" घड्याळवाल्याने विचारले.

"दुरुस्त केलेले रेडिओ आहेत गावभर," वहिनी म्हणाल्या. "ते वाजतात अजून."

घड्याळवाला म्हणतो, भांडायला गेलो होतो आणि चहा पिऊन परत आलो. विषय तिथेच मिटला असे त्याने धरून चालले होते. पण त्या रविवारी वहिनींचा निरोप आला: तुमचा चिमटा आणि भिंग घेऊन या.

टेबलावर मूळ टेपचे मोठे चाक यंत्रावर चढवून ठेवलेले होते. शेजारी नवे पाते, पांढरी मेणपेन्सिल, टेप चिकटवायची पट्टी आणि खाच पाडलेला धातूचा ठोकळा. दादांचेच सामान. वहिनींना टेप जोडता येत नव्हती असे नाही. तुटलेल्या कॅसेटी त्या रोज जोडत. हात मात्र त्यांना दुसऱ्याचा हवा होता.

"मी जागा दाखवते, तुम्ही कापा."

त्यांनी चाके हातानेच मागेपुढे फिरवली. अशा वेळी आवाज ओळखू येत नाही. बास म्हणजे एखादे जड कपाट सरकवल्यासारखी घरघर होते आणि ब्रश म्हणजे कागद फाडल्यासारखा. चौथीचा शेवटचा स्वर सापडला. वहिनींनी मेणपेन्सिलीने खूण केली. पुढे पाचवीचा पहिला स्वर सापडला, तिथे दुसरी खूण. दोन खुणांमध्ये सुमारे वीतभर तपकिरी फीत होती. वाजवली तर एक सेकंद.

मग वहिनींनी तेवढाच तुकडा नेहमीच्या वेगाने एकदा वाजवला. लांबलेला एक स्वर आणि त्याच्यावर दोन हलके फटके. घड्याळवाल्याने पाते खाली ठेवले.

"वहिनी, नको. राहू दे."

"आता का?"

"मला माहीत नव्हतं हे असं ऐकू येतं. नुसतं एवढंच ऐकलं की... राहू दे. मला ठाऊक झालंय, मी नाही थांबणार आता. बाकीच्यांना तोंडी सांगू."

"कोणाकोणाला सांगणार? ज्याच्याकडे नकलेची नक्कल आहे त्याला? मास्तरांच्या पोरांना? ती तर श्वास घेतायत तिथे."

"मास्तरांना मी बघतो."

"अहो, ते थांबले ते माझ्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "माझं मूल हललं होतं. या पोरांनी कशासाठी थांबायचं? तुमचं कोण हललं होतं हॉटेलात?"

त्याने भिंग डोळ्याला लावले. दोन काप घेतले, टोके ठोकळ्याच्या खाचेत जुळवली, पट्टी चिकटवून नखाने दाबली. जोड चांगला झाला होता. माझ्याकडे असलेल्या, या दुरुस्तीनंतरच्या तीनही कॅसेटींवर मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. चौथीतून पाचवीत जाताना काही कापले गेले आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

टेप लावून वहिनींनी चौथी आणि पाचवी सलग ऐकली. "बरोबर आहे," एवढेच म्हणाल्या. मग बासवरची चादर काढली.

"गिटार कुठाय?"

"आणली नाही. तुम्ही चिमटा म्हणालात."

"जा, घेऊन या. टेप सुधारली, तुम्ही कुठे सुधारलात?"

त्या दुपारी दोघांनी किती वेळा सहा फेऱ्या वाजवल्या ते त्याने मोजले नाही. चौथीनंतर त्याचा हात थांबायचा. वहिनी थांबायच्या नाहीत. तो मागे पडायचा, पुन्हा पहिल्यापासून.

"एकदा थांबा ना, मला पकडू तर द्या!"

"मी आता कोणासाठी थांबत नाही. पळा."

दिवे लावायची वेळ झाली तेव्हा तो पहिल्यांदा न अडखळता पाचवीत शिरला. नणंद तेव्हा आतल्या खोलीत इस्त्री करत होती. बाहेर दोघांपैकी कोणीतरी मोठ्याने हसले, एवढे तिला आठवते. कोण हसले ते आठवत नाही.

हॉटेलची जागा अर्थातच भरली गेली होती. घड्याळवाला दुकानातच राहिला आणि शनिवार-रविवारी एका लहान क्लबात वाजवू लागला. वहिनींनी ओळखीच्या सगळ्यांना सांगून पाठवले की जुनी कॅसेट आणा, बदलून देते. बरेच जण आले. मास्तर आले नाहीत. त्यांचे काही शिष्य आजही चौथीनंतर थांबतात. मी स्वतः दोघांना थांबताना ऐकले आहे. त्यांच्यापैकी एकाकडूनच मला ती न बदललेली, चौथी कॅसेट मिळाली.

तिच्यामुळे काही गोष्टी तपासता आल्या. मूल रडल्याचा किंवा कुरकुरल्याचा आवाज त्या दोन मात्रांत नाही. अर्थात हललेले मूल रडलेच पाहिजे असे नाही. बासचा स्वर लांबलेला आहे आणि ब्रशचे दोन फटके आहेत, म्हणजे वहिनींचे म्हणणे जुळते. पण नणंद वेगळेच सांगते. मुद्रणाच्या दिवशी ती त्याच खोलीत बसली होती, असे तिचे म्हणणे. "चुकला दादाच. त्याला वाटलं अजून फेरी संपायची आहे, तो आपला वाजवतच राहिला. वहिनीने स्वर धरून ठेवला, त्याची चूक झाकली. बाळ गाढ झोपलेलं होतं. वहिनीचं हे नेहमीचंच होतं, दादाचं काहीही बिनसलं की आपल्या अंगावर घ्यायची." हे ऐकून घड्याळवाला चिडला. "त्या खोटं बोलल्या असत्या तर मला कळलं असतं," तो म्हणाला. यावर नणंदेचे उत्तर: "तुम्हाला तीन वर्षं दोन मात्रा कळल्या नाहीत."

लांबलेला स्वर आणि दोन फटके दोन्ही हकिगतींशी सारखेच जुळतात. कॅसेट आणखी बारकाईने ऐकून यात फरक पडेल असे मला वाटत नाही. वहिनी आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा त्या वेळी पाळण्यात होता. त्याची साक्ष निरुपयोगी आहे.

कापलेल्या फितीचे काय झाले, हेही ठाऊक नाही. घर आवरताना नणंदेला तसे काही सापडले नाही. घड्याळवाल्याने तो तुकडा चिमट्याने उचलून वहिनींच्या तळहातावर ठेवला, इथपर्यंत तो खात्रीने सांगतो. पुढे त्यांनी तो कुठे ठेवला ते त्याने पाहिले नाही. "मी मुद्दामच दुसरीकडे बघितलं," तो म्हणाला. आणि त्या दोन मात्रांत कोण कोणासाठी थांबले होते, ते माहीत नाही.