गोविंदमामांचे शिलकीतले सेल

गोविंदमामांशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. सगळे खिशाकडे बघत. सदऱ्याच्या खिशात काडेपेटीहून जरा मोठं कानाचं यंत्र असे आणि त्यातून निघालेली वायर डाव्या कानात गेलेली असे. समोरचा बोलायला लागला की मामा यंत्र चालू करत, आणि त्याचं बोलणं फिजूल वाटलं की त्यांचा अंगठा हळूच खिशाकडे जाई. टक्. बटण बंद. मामा पुढेही मान डोलावत राहत, पण आपण आता भिंतीशी बोलतोय हे त्या माणसाला कळून चुकलेलं असे.

बोरीच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली आणि मामांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना माझं गाव, शिक्षण, घरची माणसं असं सगळं सांगायला बसलो. शिक्षणापर्यंत पोचलो आणि टक् झालं. मामी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका डाक्टर. सरपंचाला तर नुसता रामराम झाला की बंद करतेत."

सगळ्याचं कारण होतं यंत्रातला बारका सेल. तो बोरीत मिळत नसे, एसटीनं जिंतूरला नाहीतर परभणीला जावं लागे. मामांचा त्याबद्दलचा सिद्धान्त पक्का होता. "कणगीत ज्वारी असती तसं सेलात बोलणं भरलेलं असतंय डाक्टर. काढलं की कमी होतंय. मग कुणाच्या बी फुकटच्या गप्पांवर कशाला उधळायचं?" विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं होती. पारावर आवाज चढले की मामा आधी यंत्र बंद करत. "वरडणाऱ्याला सेल कशाला? त्ये तसंच ऐकू यायलंय."

सेल दमला म्हणून टाकून देणं त्यांना मंजूर नव्हतं. तो आधी उन्हात जाई. अंगणात बाजेवर मामींच्या कुरडया वाळत, त्याच बाजेच्या कोपऱ्यात मामांचे सेल. मामी चिडत, पण तासभर ऊन खाल्लेला सेल खरंच पुन्हा थोडा वेळ बोलका होई आणि मामा गड जिंकल्यागत माझ्याकडे बघत. अगदीच थकला की त्याची रवानगी भिंतीवरच्या घड्याळात. "म्हातारा झाला म्हणून काढून टाकायचं नसतंय. हलकं काम द्यायचं," असं ते म्हणत. यात ते स्वतःचीच वकिली करत असावेत असा मला दाट संशय आहे, कारण शेत पोराकडे देऊन ते स्वतः दारातल्या शेळ्या राखत होते.

यातही एक पुडकं वेगळं होतं. जावयानं हैदराबादहून आणलेले भारी सेल मामांनी फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. त्यांना हात लावायचा नाही. कधी काढणार विचारलं की म्हणत, "कुणी मोलाचं बोलायला लागलं म्हणजे."

मोलाचं बोलणाऱ्यांत मामींचा नंबर कधीच लागला नाही. त्या पहाटे चुलीपाशी बोलायला लागत त्या दिवेलागणीपर्यंत. शेळीनं काय केलं, शेजारणीनं काय केलं नाही, मामांनी काय करायला पाहिजे होतं. मामी घरात आल्या की टक् झालंच म्हणून समजा. "मामी, ते ऐकत नाहीत," मी एकदा म्हणालो. त्या ज्वारी पाखडत म्हणाल्या, "ठावं हाय की. मी बोलायचं काम करायले. ऐकायचं त्यांचं त्ये बघतील." भिंत पातळ होती, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं ऐकलं ते मीच.

मग मामींच्या गळ्याला गाठ आली. वाढली तसं आम्ही तिघं परभणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, गाठ साधीच आहे, पण काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देता येत नाही. मामांचं यंत्र चालू होतं. त्यांनी सगळं ऐकलं. मामींनी विचारलं, "जीवाला धोका न्हाई न्हवं? मग आवाजाचं काय एवढं."

घरी आल्या आल्या मामांनी पत्र्याची पेटी उघडली. फडकं चिकट झालं होतं आणि सेलांवर पांढरं, बुरशीसारखं काहीतरी साचलं होतं. त्यांनी एक सेल पुसून यंत्रात घातला. मग दुसरा. मग सगळे. एकही चालेना. शेवटी जुनाच सेल परत घालून, ते पुडकं माझ्यापुढं धरत म्हणाले, "डाक्टर, हे वापरलेच न्हाईत मी. मग मेले कशानं?"

ठेवलेला सेलही आतल्या आत म्हातारा होतो, आणि पत्र्याच्या पेटीतल्या उकाड्यात जास्तच लवकर, असं मी सांगितलं. मामा एकेक सेल परत फडक्यात ठेवू लागले. "मग ठिवून मिळवलं काय म्या?" त्यांनी विचारलं. एरवी मी त्यांची थट्टा करायची एक संधी सोडत नसे, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मामींना ऑपरेशनसाठी परभणीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मामा पहाटेच्या एसटीनं जिंतूरला गेले, दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसले आणि नवा सेल घेऊन ऊन चढायच्या आत परत आले. मामी पिशवी भरत होत्या. मामा त्यांच्यासमोर पाटावर बसले, सेल घातला, बटण दाबलं आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल."

जन्मभर न थांबलेल्या मामींना एक शब्द सुचेना. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "असं तोंडाकडं बघायला लागले तर कसं सुचंल मला?" मग हळूहळू निघालं: शेळीला रात्री आत घ्या, दळण आणायचं राहिलंय, दूध झाकून ठेवत जा. मामा एखादं कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते. गाडीची वेळ होईपर्यंत त्यांचा अंगठा खिशाकडे गेला नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला तो गेलाच. उरला नुसता घोगरा वारा, शेजारी बसून कान द्यावा तेव्हा कळणारा. मामी पुन्हा दिवसभर बोलायला लागल्या, त्याच वाऱ्यात.

वर्षभरानं माझी बदली झाली. निरोप घ्यायला आत गेलो तर दुपारची वेळ होती. मामा बाजेवर गाढ झोपले होते आणि मामी उशाशी बसून शेंगा फोडत त्यांच्याशी बोलत होत्या. खिशातलं यंत्र बारीक शिट्टी घालत होतं, म्हणजे चालूच होतं. मी ते बंद करायला वाकलो. मामींनी माझा हात धरला.

"राहू द्या," त्या त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या. "मी बी म्हणलं, निजल्यावर तरी बंद करा, सेल उतरंल. तर म्हणले, उतरू दे. त्यो उतरायसाठीच असतोय."