हात थांबला तेव्हा

आईचा उजवा हात पहिल्यांदा हलला तो आराध्यांच्या मेळ्यात. संबळाच्या तालावर देवीची गाणी चालली होती आणि मांडीवर ठेवलेला तिचा हात आपोआप थरथरू लागला. शेजारणीनं लगेच कुंकू लावलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तसंच झालं, आणि धर्मापुरीजवळच्या आमच्या गावानं ठरवून टाकलं की धनगराच्या म्हातारीच्या अंगात येतं. निकाल द्यायला आमच्या गावाला वेळ लागत नाही.

पुरावाही भक्कम होता. हात निवांत असला की हलायचा, तांब्या उचलला की थांबायचा. बायका म्हणाल्या, कामाच्या हाताला देवी त्रास देत नाही. जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या, वडील गेल्यापासून एकटीच राहणाऱ्या माझ्या आईची खणानारळानं ओटी भरली जाऊ लागली. ती काही बोलायची नाही. तिच्या गप्प बसण्याचाही लोक अर्थ लावायचे.

मला गेवराईला दिलेलं. दिवाळीला माहेरी गेले तर तिला चोळीचे हुक लागेनात. चालताना तो हात नुसता लटकत होता, पाय घासत होते. देवीला हुकांचं काय वावडं, म्हणून मी चिडले आणि तिला ओढतच बीडला नेलं. डॉक्टरांनी तिला चालवून पाहिलं, मुठीची उघडझाप करायला लावली आणि कंपवात आहे, असं सांगितलं. मेंदूचा आजार. मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहतो. गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि आपल्या मनानं कधीच बंद करायच्या नाहीत.

गोळ्यांनी गुण आला. आई पुन्हा भाकरी थापू लागली. मला वाटलं, जिंकलं.

यंदा नवरात्रात न कळवता गेले. आई अंथरुणात लाकडासारखी आखडून पडली होती, तिला कूस बदलता येईना. हात मात्र जोरात हलत होता. ओसरीवर बायका ओटी घेऊन बसल्या होत्या. घट बसल्यापासून तिनं गोळीच घेतली नव्हती. मी घाबरले, आणि रागही तेवढाच आला. असं का केलंस, म्हणून मी तिला नाही नाही ते बोलले.

"मला कळत न्हाई व्हय? आजारच हाय," ती म्हणाली. "पर गोळी खाल्ली की हात थांबतो, आन् मग दारात कुनी ईत न्हाई."

मी बायकांना घरी पाठवलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितली तेवढी गोळी दिली. काही वेळानं हात थांबला. आईनं तो मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिली.

"आता उद्या कोन ईल गं?"

मी येईन, असं म्हणायला हवं होतं. पण मला संध्याकाळच्या गाडीनं गेवराईला परतायचं होतं, आणि ते तिला माहीत होतं.