फादरबाबांनी कापलेलं पान

फादरबाबा गेल्याची खबर मला चार दिवसांनी लागली. दंगलीच्या धामधुमीचे दिवस, कळमनुरीचे रस्ते बंद. आणि चालू असते तरी मला सांगायला कोण येणार होतं... मी ना त्यांच्या धर्माचा, ना नात्याचा. मी सुतार. पण त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातली सगळी चित्रं मी लाकडात कोरली, आणि त्यातलं एक मीच मोडलं. त्याचंच लिहून राहिलो.

त्यांच्या मुलखात ते एका मठात राहिलेले. तिथं निम्मा दिवस मौन, म्हणत. इकडं कळमनुरीपुढच्या एका वस्तीवर दोन खोल्यांत राहून त्यांनी आमच्या बोलीत पुस्तक लिहिलं. सहा-सात वर्षं लागली. दर प्रार्थनेसमोर एक चित्र. चित्र ते पातळ कागदावर काढायचे. मी तो कागद शिसवाच्या फळीवर पालथा चिकटवायचो, तेल चोळायचो आणि पलीकडून दिसणाऱ्या रेघांच्या अंगानं कोरायचो. फळीवर सगळं उलटं दिसतं. एकदा म्हणलं, "फादरबाबा, तुमचा देव डाव्या हातानं आशीर्वाद देऊन राहिला." ते हसले. "छापल्यावर उजवा होईल, मिस्त्री. धीर धर." मी नाक फळीला टेकून रेघ तेवढी बघायचो. चेहरा कोणाचा, हे बघायची सवड कोणाला!

त्यातल्याच एका सालात पटकीच्या साथीत आमचं एकुलतं लेकरू गेलं. चार वर्षांचं होतं. गिरजा, माझी बायको, रडली न्हाई. दुपारची भाकर घेऊन वस्तीवर माझ्या कामाच्या जागी यायची आणि तिथंच भिंतीला टेकून बसायची, मांडीवर हात उपडे टाकून. फादरबाबा तिला काही बोलत न्हवते. बघायचे, पुन्हा कागदावर मान खाली. मला काय कळणार...

पुस्तक छापून आलं. आठवडी बाजारात कासार चार लोकांत मला म्हणतो, "काय मिस्त्री, वहिनीचा देव केला म्हणं! आता आल्या तर बांगड्या भरायच्या का पाया पडायचं?" लोक हसले. बाजूला एकाच्या हातात ते पुस्तक होतं, मी हिसकून पाहिलं. मेलेला लेक मांडीवर घेऊन बसलेली मरियम, त्यांच्या देवाची आई. आणि ती गिरजा होती. तेच बसणं, तेच तोंड. नऊ दिवस मी माझ्याच बायकोचं तोंड कोरलं आणि ओळखलं न्हाई. ती लाज मी फादरबाबांवर काढली. तडक वस्तीवर गेलो. "तिला इचारलं का? मला इचारलं का? आमच्या घरचं दुःख गावोगाव वाटून राहिले का?" ते उभे राहिले. म्हणाले, "नाही विचारलं. चूक माझी." चाकू घेतला आणि माझ्यासमोर एकेका पुस्तकातून ते पान कापलं. लोकांकडं गेलेली पुस्तकंसुद्धा परत मागवली. सगळी पानं चुलीत गेली. लाकडाच्या ठशावर मी माझ्या हातानं रंधा फिरवला.

घरी आलो तो छाती काढून. गिरजा म्हणाली, "काहून कापाया लावलं?"

"लोक हसून राहिले."

"हसू द्या की. त्या बाईचं बी लेकरू गेलं होतं न... मला तिच्यासंगं बसवलं होतं त्यांनी. तुमी उठवलं."

त्यावर मी काय बोललो ते इथं लिहीत न्हाई. लिहिण्यासारखं न्हाई.

तीन वर्षांनी गिरजा तापानं गेली. तिचा फोटो कधी काढला न्हवता. आमच्यात कोण काढतो! पहिलं वर्ष डोळे मिटले की ती दिसायची. मग हळूहळू नुसतं लुगडं दिसायला लागलं. घाबरलो. मान खाली घालून फादरबाबांकडं गेलो, म्हणलं, "परत काढा." तवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोती पडलेला. तरी कागद मागवला, हातानं चाचपला. "डोळे गेले रे, मिस्त्री. हात आहे. तू सांगत जा, मी काढत जातो. भुवया कशा होत्या? जाड? बारीक? मधे जुळलेल्या?"

बावीस वर्षांचा संसार, आणि मला सांगता येईना. तिची भाकर कशी फुगायची ते सांगितलं असतं. जोडवं कोणत्या बोटात रुतायचं ते सांगितलं असतं. पण भुवया... फादरबाबा पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "माझंच चुकलं. एक पान ठेवायला हवं होतं. तुझा राग पाहून सगळीच कापली." तवा मी म्हणायला पाहिजे होतं, तुमचं न्हाई, माझं चुकलं. म्हणलं न्हाई. उठून आलो. ती शेवटची भेट.

रस्ते उघडल्यावर त्यांना पुरलं तिथं जाऊन आलो. माती अजून बसलेली न्हाई. तिथं म्हणलं ते, मोठ्यानं म्हणलं. पण मातीला सांगून काय...

आता बाजारात गेलो की मी बायांच्या भुवया बघतो. एखादीच्या बराबर तशा असल्या तर ध्यानात येईल, अशी आशा. परवा एकीनं भर बाजारात झापलं, "ए म्हाताऱ्या, लाज न्हाई का?"

हाय न. पण बघणं थांबत न्हाई.