लंकाबाईच्या लुगड्याची चिंधी

एकाहत्तर साली श्रीगोंद्याकडच्या त्या वाडीत विशीच्या आतली जेवढी पोरं हुंदडत होती, तेवढी सगळी लंकाबाई सुइणीच्या हातावर जन्मलेली. आपल्या हातात एकही बाई दगावली नाही, हे ती येता-जाता ऐकवायची आणि ते खरंही होतं. बाळंतिणीचं अंग आवळावं म्हणून ती शेपा, लसूण, तुरटी कुटून चिंधीत पुरचुंडी बांधायची, योनीत ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी काढायची. चिंधी मात्र स्वतःच्याच जुन्या लुगड्याची. आपल्या लुगड्याला यश आहे असं तिच्या डोक्यात बसलं होतं. तिला कोण समजावणार?

तिची स्वतःची लेक चांगुणा पहिलं बाळंतपण माहेरी उरकून सासरी गेली आणि दोन महिन्यांत परत आली. अंगाला कुजका वास येतो म्हणून सासूनं तिला चुलीपाशी फिरकू देणं बंद केलं होतं. जावयानं निरोप धाडला होता, दिवाळीपर्यंत बरी झाली तर धाडा, नाहीतर मी दुसरी करतो. सुइणीच्या लेकीला असं व्हावं, याचाच लंकाबाईला धक्का बसला. तिनं कडुनिंबाचं पाणी केलं, तुरटीनं आतून धुऊन काढलं. वास वाढला, वर ताप चढला. तेव्हा कुठं ती लेकीला घेऊन एस.टी.नं नगरच्या मिशन दवाखान्यात गेली.

फिलोमिना सिस्टरनं तपासलं आणि चिमट्यानं एक काळा गोळा बाहेर ओढला. जन्मभर बाळंतिणींत वावरलेल्या लंकाबाईनंही नाकाला पदर लावला. सिस्टरनं गोळा नळाखाली धरला, तसा तांबडा काठ दिसू लागला. तो काठ लंकाबाईच्याच लुगड्याचा होता.

"आये, मला वाटलं, न्हाताना पडली आसंल," चांगुणा हळूच म्हणाली. "इचारायची लाज वाटली."

बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी लंकाबाई शेजारच्या गावी एका अडलेल्या बाईकडे गेली होती. परत आली ती पाचव्या दिवशी, आणि पोरीनंच काढली असेल असं धरून चालली. जगाच्या बायांशी नको तेवढं बोलणारी ही बाई पोटच्या पोरीला एवढं विचारायला विसरली.

"मावशी, बाईच्या अंगाला थोडा वास असतोच," सिस्टर म्हणाली. "पाळीच्या आगेमागे तो बदलतो, तो काही रोग नाही. पण वास कुजका असला, खाज सुटली, ताप आला, तर तडक इकडे आणायचं. आत काही घालायचं नाही. तुरटीनं, साबणानं आतून धुवायचंही नाही. ती जागा आपली आपण स्वच्छ राहते. ही गोळ्यांनी बरी होईल. पण आजवर किती जणींना ठेवलंत असं?"

लंकाबाईला मुक्ता आठवली. तीन वर्षांमागं, हिच्याच हातचं बाळंतपण झाल्यावर, असाच वास येतो म्हणून मुक्ताच्या नवऱ्यानं भावकी जमवली होती. भावकीनं सुईण म्हणून हिला विचारलं आणि ही ठसक्यात बोलून गेली होती, "ह्यो बाहेरख्यालीपनाचा वास हाय." मुक्ताला त्याच दिवशी घराबाहेर काढलं.

चांगुणाला दवाखान्यात ठेवून दुसऱ्या दिवशी लंकाबाई वाडीत उतरली ती घरी गेलीच नाही. मुक्ता भावाच्या गोठ्याशेजारी लेकीला घेऊन राहत होती. शेणी थापत बसली होती.

"मुक्ते, नगरला चल माज्यासंगं," लंकाबाई उभ्याउभ्याच म्हणाली. "तुज्यात माजी चिंधी ऱ्हायली आसंल. त्याचाच वास हुता त्यो. माजं चुकलं गं."

मुक्तानं हात थांबवले नाहीत.

"ती तवाच निगाली, काकू. भावकी बसायच्या आदल्या दिशी. ती हातात घिऊनच तुमच्या दारात आल्ते मी. वास येतुया म्हनून तुमी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई."