सरांचा दुसरा पेपर

"गृहीत काय धरलंय?"

आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना काहीही सांगा, चष्मा कपाळावर ढकलून ते आधी हेच विचारत. प्राचार्य "यंदा निकाल चांगला लागेल" म्हणाले तरी हेच, आणि पनवेलच्या मासळी बाजारातही हेच. उरणहून येणारी कोळीण एकदा म्हणाली, "सर, बोंबील ताजं हाय." सरांनी विचारलं, "ताजं म्हणताना गृहीत काय धरलंय?"

"तुमी आज पन नाय घेनार, ह्ये धरलंय!"

सर इतके खूश झाले की त्यांनी दोन वाटे घेतले.

मी केमिस्ट्रीची. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. सरांचं संशोधन गणिती भौतिकशास्त्रातलं, म्हणजे ना उपकरण, ना प्रयोगशाळा, नुसते पाठकोरे कागद. सच्छिद्र पदार्थातून उष्णता किंवा पाणी कसं पसरतं, याची ती समीकरणं होती, एवढंच मला कळायचं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, पीएचडीचा एक विद्यार्थी. "माझ्यानंतर हे पुढे नेणारं कुणीतरी पाहिजे हो, मॅडम," म्हणायचे. त्यासाठी कॉलेजात संशोधन केंद्र हवं आणि केंद्रासाठी विभागात एक तरी प्रोफेसर हवा. सर निवृत्तीला आले तरी असोसिएट प्रोफेसरच, म्हणजे एक पायरी खाली. बढतीची शेवटची मुलाखत ठरली तेव्हा फाइल मीच लावली. त्यांच्यावर सोडली असती तर ती लागलीच नसती.

फाइल लावताना मी चाटच पडले. सरांच्या एका जुन्या पेपरला जगभरातून भरमसाट सायटेशन्स होती. म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखांत त्याचा संदर्भ दिला होता. आमच्या धंद्यात माणसाची किंमत त्यावरच ठरते. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सरांनी आपला पेढा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मला वाटलं, लाजताहेत.

मुलाखतीच्या वेळी कॉलेजच्या वतीने मीही बसले होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "वा! फार मोठं काम आहे तुमचं."

"नाही हो," सर म्हणाले. "त्यातले बहुतेक संदर्भ माझी चूक दाखवायला दिलेत."

मी डोळे वटारले. त्यांचं लक्षच नव्हतं.

"सिद्धतेत मी एक गोष्ट उगाच खरी मानली होती. परदेशातल्या दोघांनी ती खोटी ठरवली. त्यातून पुढे बरंच चांगलं काम झालं, पण ते त्यांचं."

"मग तुमचं चांगलं काम कुठलं?"

सरांचा चेहरा खुलला. त्यांनी दुसरा पेपर काढला आणि सगळ्यांचा चहा गार होईपर्यंत समजावून सांगितला. तज्ज्ञांनी विचारलं, "याला सायटेशन्स किती?"

"एकही नाही."

बढती गेली. परतताना रिक्षात मी त्यांना नको नको ते बोलले. "तुम्हाला विचारलं होतं का कोणी? त्यांनी नुसता आकडा बघितला होता!"

"पण ते लेख मी वाचलेत ना, मॅडम."

"तुम्ही खरं बोललात हे त्यांना कळलंसुद्धा नसेल, सर!"

"मग खोटं बोललो असतो तर कळलं असतं का?"

या माणसाशी भांडायचं तरी कसं? मला समितीचा राग आला, त्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पेढ्यांचा आला. तो राग अजून गेलेला नाही.

सर निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी वारले. विद्यार्थी मिळाला नाही तो नाहीच. चुकलेल्या पेपरची सायटेशन्स मात्र अजून वाढताहेत. मी अधूनमधून बघते आणि चरफडते. दुसऱ्या पेपरपुढे अजून शून्य आहे.

मध्यंतरी मी तळोज्याच्या नाल्यातल्या गाळावरचा एक पेपर एका जर्नलकडे पाठवला. त्यात संदर्भांच्या यादीत, अगदी शेवटी, सरांचा तो दुसरा पेपर घातला. पाणी जमिनीत झिरपतं, एवढाच काय तो धागा. म्हटलं, एक तरी होऊ दे.

काही महिन्यांनी जर्नलच्या परीक्षकाचं उत्तर आलं, "हा संदर्भ येथे असंबद्ध आहे. काढावा."

मी दोन दिवस धुमसत होते. सर परीक्षक असते तर त्यांनीही नेमकं हेच लिहिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच जास्त रडू आलं. शेवटी काढली ती ओळ.