मागचा तिरका पत्रा

"तसं नसतं ते," एवढं म्हणून आमच्या शेजारच्या बाई थांबायच्या. मग कसं असतं, असं आपण विचारलं की चष्मा काढून पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "ते मला सांगता येणार नाही."

सगळं माहीत असलेलं माणूस तुमच्याही सोसायटीत एखादं असेलच. पण त्याला सांगायची घाई असते. आमच्या बाईंना खरोखरच माहीत होतं आणि त्या सांगत नव्हत्या. विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीने हा चमत्कार बारा वर्षं पाहिला.

बाई संरक्षण खात्याच्या एका कचेरीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पदाचं नाव पुरुषाचंच होतं. ते बदलावं असं ना सरकारला वाटलं, ना बाईंना. नोकरीभर त्यांनी रणगाड्यांची ड्रॉइंग काढली. कामाबद्दल बाहेर बोलणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर पहिल्याच दिवशी सही केली होती, आणि निवृत्तीनंतर ती सही पुसली जाते असं काही त्यांच्या वाचनात आलं नव्हतं. धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, ऑफिसात काय काम असायचं हो? बाई म्हणाल्या, "रेघा मारायचे."

मी विमा कंपनीतून सुटलो तेव्हा बुधवार पेठेतून रिमोटवर चालणारा प्लॅस्टिकचा रणगाडा आणला. नातवासाठी आणलाय, असं आमच्या हिने सगळ्यांना सांगून ठेवलं. नातू अजून व्हायचा होता.

रणगाडा परदेशी होता. मला त्याचा आपल्या सैन्यातला करायचा होता. वरची तोफ बदलणं सोपं. खरं काम हलचं, म्हणजे दोन्हीकडच्या चाकांच्या मधलं जे खोक्यासारखं धड असतं त्याचं. ते पुढून उतरतं करायचं, बाजूंनी उंचवायचं, मागून लांबवायचं. वर्तमानपत्रात आलेल्या संचलनाच्या फोटोंवरून मी मापं काढली आणि गॅलरीत बसून कटर चालवायला लागलो. शेजारच्या गॅलरीतून बाई तीन दिवस बघत होत्या. चौथ्या दिवशी बेल वाजली.

तसं नसतं, हे सांगायला आल्या होत्या. मी त्यांना समजावलं की दर सव्वीस जानेवारीला हा रणगाडा अख्खा देश टीव्हीवर बघतो, त्यात गुप्त ते काय राहिलं? देशाने काय बघावं हा देशाचा प्रश्न आहे, सही मी केली आहे, असं त्यांचं उत्तर. पण मी घातलेला काप त्यांना बघवेना. घरी जाऊन त्या आपली लाकडी पेटी घेऊन आल्या. तिच्यात सेट स्क्वेअर, कंपास आणि टोक केलेल्या पाच पेन्सिली.

"जरा तिकडे बघा," त्या म्हणाल्या.

मी समोरच्या इमारतीकडे बघत बसलो. पाठीमागे पेन्सिल प्लॅस्टिकवर खरखरली. मग परवानगी मिळाली, "आता कापा." मी रेघेवर कापलं. बाईंनी उरलेली रेघ रबराने पुसून टाकली. मला काहीही सांगितलं गेलं नव्हतं.

चार महिने असंच चाललं. प्लॅस्टिकच्या शीटचे तुकडे कापायचे, चिकटवायचे, फटी पुट्टीने भरायच्या, वाळलं की सँडपेपरने घासायचं. बाई सांध्यावरून नख फिरवायच्या. नख अडलं की पुन्हा घासायचं. त्या काळात समोरच्या इमारतीतले कोण कधी कपडे वाळत घालतात हे मला तोंडपाठ झालं होतं.

मागचा पत्रा मात्र त्यांनी मला करू दिला नाही. तो त्या घरून करून घेऊन आल्या. खालच्या बाजूने आत गेलेला, चांगला तिरका. संचलनाचे फोटो सगळे पुढूनच काढतात, त्यामुळे मागे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. पत्रा बसवताना बाई म्हणून गेल्या, "याच्यावर माझी तीन वर्षं गेलीत." आणि गॅस चालू ठेवून आल्यासारखा चेहरा करून घरी निघून गेल्या.

मग मॉडेलं करणाऱ्या हौशी लोकांचं एक प्रदर्शन आलं, एका शाळेच्या हॉलमध्ये. परीक्षक होते निवृत्त कर्नल, स्वतः रणगाड्यांवर नोकरी केलेले. त्यांनी आमचा रणगाडा हातात घेतला, पुढचा उतार बघून मनापासून वाहवा केली, मग तो फिरवला. म्हणाले, मागचा पत्रा सरळ असतो, इथे तुमचं चुकलं.

मी बाईंकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. बाई "बरं" म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. रिक्षात मी चिडचिड केली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ते आत बसायचे. आत बसणाऱ्याला मागचं दिसत नाही."

त्याच डिसेंबरात कँपाकडच्या एका चौकात सेवेतून निवृत्त झालेला तसलाच रणगाडा चौथऱ्यावर आणून बसवला. मी बाईंना बातमी दिली आणि तेव्हा मला कळलं, की त्यांनी तो जवळून कधी पाहिलाच नव्हता. चाचण्यांना पुरुष मंडळी जायची. ड्रॉइंग सांभाळायला कोणीतरी मागे हवंच, म्हणून बाई मागे. देशाबरोबर त्यांनीही तो टीव्हीवरच पाहिला होता.

आम्ही दुपारी चार वाजता गेलो. बाई लग्नाला जाताना नेसावी तशी साडी नेसून आल्या होत्या. तोफेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चौथऱ्याला वळसा घालून थेट मागे गेल्या.

मागचा पत्रा सरळ होता. भिंतीसारखा सरळ.

बाईंनी त्याच्यावर तळहात ठेवला. सांध्यावरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "सरळ केला. जोडायला सोपा पडला असेल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला कोणी कळवलं नाही."

"गुप्त असेल," मी म्हणालो, आणि जीभ चावली. बाई मात्र हसल्या. जो पत्रा त्यांनी इतकी वर्षं जपला, तो जगातल्या कुठल्याच रणगाड्यावर नव्हता. होता तो फक्त माझ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यावर. हे माझ्या डोक्यात येईपर्यंत बाई विचारात त्याच्याही पुढे पोचल्या होत्या.

"म्हणजे आता सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "असा पत्रा कुठे नाहीच."

आणि त्यांनी सांगितलं. मागच्या पत्र्यावर धूळ बसली होती, तिच्यात बोटाने आकृती काढून सांगितलं. खड्ड्यातून वर चढताना रणगाड्याचं बूड जमिनीला घासू नये म्हणून पत्रा तिरका. किती अंशांत, तेवढेच का, साहेबांशी कशावरून वाद झाला, खोडून खोडून कागद कसा फाटला होता. चौकातला सिग्नल लाल-हिरवा होत राहिला. मला त्यातलं पाव कळलं असेल. मी मान हलवत होतो. चौथऱ्यावरचा वॉचमन येऊन म्हणाला, "आजी, हात लावायचा नाय."

"झालंच माझं," बाई म्हणाल्या, आणि आणखी एक रेघ काढली.

घरी आल्यावर त्यांनी कर्नलसाहेबांना पत्र लिहिलं, आपलं निरीक्षण बरोबर होतं, मागचा पत्रा सरळच आहे. मी विचारलं, आपलाही कापून सरळ करू का? त्या म्हणाल्या, "राहू दे. एक तरी असू दे."

पुढे तीन आठवड्यांत बाई गेल्या. झोपेतच. कोणाला काही न सांगता, हे ओघानेच आलं.

तेराव्यानंतर मी एकटाच त्या चौकात गेलो. सव्वीस जानेवारी दोन दिवसांवर आली होती. टँकर उभा होता आणि पाइप लावून दोन माणसं रणगाडा धूत होती. मी मागे जाऊन पाहिलं. पत्रा लख्ख झाला होता.